देश मान्य, दप्तर परक्याच्या हाती: पॅलेस्टाईनचा प्रश्न सोप्या भाषेत

२१ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल यांनी पॅलेस्टाईनला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी फ्रान्सनेही दिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी आता सुमारे १५७ देश पॅलेस्टाईनला देश मानतात. भारताने तर १९८८ च्या नोव्हेंबरातच मानलं होतं. त्या आठवड्यात वेस्ट बँकमधल्या रामल्लात जन्मलेल्या बाळाचा ओळख क्रमांक मात्र नेहमीप्रमाणे इस्रायलच्या ताब्यातल्या नोंदवहीतच चढला. हेब्रॉनच्या व्यापाऱ्याने परदेशातून मागवलेल्या मालाची जकात इस्रायली बंदरावर, इस्रायलच्याच खात्यात जमा झाली.

मान्यतेच्या बातम्या वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात. जगाने देश मानणं वेगळं आणि माणसांची, पैशाची, जमिनीची नोंद स्वतःच्या हातात असणं वेगळं. पॅलेस्टिनींना पहिली गोष्ट बरीचशी मिळाली आहे, दुसरी जवळजवळ नाहीच. सरकारी दप्तर हाताशी नसल्यामुळे ‘आम्ही इथलेच’ हे सिद्ध करण्याचं काम ऑलिव्हच्या झाडांवर, पाण्याच्या पाळ्यांवर, जुन्या हस्तलिखितांवर आणि बायकांच्या भरतकामावर येऊन पडलं. म्हणूनच राज्याचा प्रश्न पुढाऱ्यांचा आणि संस्कृतीचा प्रश्न कलावंतांचा, अशी वाटणी इथे करताच येत नाही.

देश ठरतो कशावरून?

१९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने देशासाठी चार अटी सांगितल्या: कायमची लोकसंख्या, ठरावीक भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. लोकसंख्येचा वादच नाही. वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा प्रदेश), पूर्व जेरुसलेम आणि गाझा मिळून सुमारे ५५ लाख पॅलेस्टिनी राहतात. सीमा ठरलेली नाही, हा आक्षेप वारंवार येतो. पण सीमेचा वाद आहे म्हणून देश नाही, असा नियम नाही. इस्रायलला १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं तेव्हा त्याच्याही सीमा शस्त्रसंधीच्या रेषाच होत्या. खरी अडचण तिसऱ्या अटीत आहे. सरकार आहे, मंत्री आहेत, पोलीस आहेत, पण त्यांचा अधिकार बहुतेक ठिकाणी शहराच्या वेशीपाशी संपतो.

मान्यता देणं हा प्रत्येक देशाचा स्वतःचा निर्णय असतो. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व ही त्याहून निराळी प्रक्रिया आहे. अर्ज महासचिवांमार्फत सुरक्षा परिषदेकडे जातो. तिथे १५ पैकी किमान ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरून चालत नाही. तिथून शिफारस आली तरच महासभेत मतदान होतं आणि तिथे दोन तृतीयांश बहुमत लागतं. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी २३ सप्टेंबर २०११ रोजी अर्ज दिला, तो परिषदेच्या समितीतच अडला. १८ एप्रिल २०२४ रोजी ठराव प्रत्यक्ष मतदानाला आला. १२ देश बाजूने, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ, अमेरिका एकटी विरोधात. त्या एका मतावर ठराव पडला.

सुरक्षा परिषदेचं दार बंद असल्यामुळे महासभेच्या दारातून जेवढं मिळेल तेवढं मिळवायचं, हा मार्ग पॅलेस्टिनींनी धरला. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी १३८ विरुद्ध ९ मतांनी ‘निरीक्षक देश’ हा दर्जा मिळाला. १० मे २०२४ च्या ठरावाने सदस्यांमध्ये वर्णानुक्रमे बसण्याचा आणि प्रस्ताव मांडण्याचा हक्क मिळाला. मतदानाचा मिळाला नाही. दर्जा वरवर नावापुरता वाटतो, पण आंतरराष्ट्रीय करारांवर सही करता येते ती त्याच्याच जोरावर. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं सदस्यत्व पॅलेस्टाईनला १ एप्रिल २०१५ पासून मिळालं ते याच वाटेने.

या वाटेवर अमेरिकी कायद्याची एक अडचण आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या संस्थेने पॅलेस्टाईनला पूर्ण सदस्य केलं, तिचा निधी बंद करायचा असे कायदे अमेरिकेत १९९० च्या दशकापासून आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये युनेस्कोने १०७ विरुद्ध १४ मतांनी सदस्यत्व दिलं आणि अमेरिकेकडून येणारा सुमारे २२ टक्के निधी थांबला. त्यानंतर आरोग्य, शेती, दूरसंचार अशा इतर संस्थांचं दार वाजवताना दोन्ही बाजूंना हा हिशेब करावा लागतो. पॅलेस्टिनींनी सगळ्यात आधी संस्कृतीच्या संस्थेत पाय का ठेवला, ते पुढे येईलच.

भारताची नोंद इथे करायलाच हवी. पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या १९४७ च्या संयुक्त राष्ट्र ठरावाला भारताने विरोध केला होता. १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला लोकांची प्रतिनिधी मानणारा भारत हा अरब जगाबाहेरचा पहिला देश. १९९६ मध्ये गाझात भारताचं कार्यालय उघडलं, २००३ मध्ये ते रामल्लाला हललं. दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या सप्टेंबर २०२५ च्या महासभा ठरावाच्या बाजूनेही भारताने मत दिलं.

इस्रायलचं म्हणणंही नीट समजून घ्यावं लागतं. देश मिळेल तर वाटाघाटीतून, एकतर्फी मान्यतेने नाही, अशी त्या सरकारांची अनेक वर्षांची भूमिका. जुलै २०२४ मध्ये तिथल्या संसदेने त्याही पुढे जाऊन ६८ विरुद्ध ९ मतांनी जॉर्डन नदीच्या पश्चिमेला पॅलेस्टिनी देशालाच विरोध करणारा ठराव केला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं गेलं. तेव्हापासून सुरक्षेची भीती तिथल्या प्रत्येक घरात आहे. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींमुळे ही बाजू अनेक मराठी घरांना नात्यागोत्यातून ठाऊक असते. पॅलेस्टिनींचं रोजचं जगणं मात्र आपल्यापर्यंत बातमीतूनच पोचतं. पण शेजारच्या लोकांची भीती कितीही खरी असली, तरी त्यामुळे एका समाजाचा स्वतःचं दप्तर सांभाळण्याचा हक्क संपत नाही.

नकाशा थोडक्यात

संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या ठरावाने सुमारे ५५ टक्के भूभाग ज्यू राष्ट्राला, त्याहून कमी अरब राष्ट्राला आणि जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली, अशी वाटणी सुचवली. युद्ध झालं. १९४९ च्या शस्त्रसंधीनंतर सुमारे ७८ टक्के भाग इस्रायलकडे राहिला. सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा हाकलले गेले, चारशेहून जास्त गावं ओस पडली. तिथे या घटनेला ‘नकबा’ (महासंकट) म्हणतात. उरलेल्या २२ टक्क्यांपैकी वेस्ट बँक जॉर्डनकडे आणि गाझा इजिप्तकडे होतं. जून १९६७ मध्ये दोन्ही इस्रायलच्या ताब्यात गेले. आज ‘पॅलेस्टाईन देश’ म्हणतात तेव्हा या २२ टक्क्यांबद्दलच बोलणं चाललेलं असतं.

इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या १९९३ च्या ओस्लो करारानंतर १९९५ मध्ये वेस्ट बँकचे तीन भाग झाले. ए क्षेत्र सुमारे १८ टक्के: शहरं, कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी. बी क्षेत्र सुमारे २२ टक्के: नागरी कारभार पॅलेस्टिनी, सुरक्षा इस्रायली. सी क्षेत्र सुमारे ६० टक्के: सगळंच इस्रायलकडे. टक्केवारीपेक्षा रचना महत्त्वाची आहे. ए आणि बी म्हणजे शेकडो सुटे तुकडे आणि त्यांच्या भोवती सलग पसरलेलं सी. गाव बीमध्ये आणि त्याच गावची शेती सीमध्ये, हे सर्रास दिसतं. सीमध्ये विहीर खणायची, गोठा बांधायचा, शाळेला खोली जोडायची तर इस्रायली लष्करी प्रशासनाची परवानगी लागते आणि शंभर अर्जांतला एखाददुसराच मंजूर होतो. परवानगीशिवाय बांधलं की पाडण्याची नोटीस येते. ही व्यवस्था पाच वर्षांपुरती होती, १९९९ मध्ये संपायची होती.

त्याच प्रदेशात आता सुमारे पाच लाख इस्रायली वसाहतींमध्ये राहतात. पूर्व जेरुसलेममधले दोन लाखांहून जास्त वेगळे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लागार मतात हा ताबाच बेकायदा ठरवला आणि तो लवकरात लवकर संपवायला सांगितलं. मत सल्लागार असल्यामुळे त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा नाही.

माणसांचं आणि पैशाचं दप्तर

सप्टेंबर १९६७ मध्ये इस्रायली लष्कराने शिरगणती केली. त्या दिवसांत जे हजर होते ते रहिवासी ठरले. शिकायला, कामाला किंवा युद्धातून जीव वाचवायला बाहेर गेलेले वगळले गेले. आजचं लोकसंख्येचं रजिस्टर त्या गणतीवर उभं आहे. पॅलेस्टिनी पासपोर्ट १९९५ पासून छापतात, पण त्यावरचा ओळख क्रमांक इस्रायली रजिस्टरमध्ये असावा लागतो. तो नसेल तर पासपोर्ट हातात असूनही ॲलनबी पुलावरून जॉर्डनला जाता येत नाही. परदेशी नवरा किंवा बायको आणायची तर त्याच रजिस्टरात नाव चढावं लागतं, आणि ते अर्ज वर्षानुवर्षं गोठलेले असतात. गाझाचा पत्ता असलेल्या माणसाने वेस्ट बँकमध्ये संसार थाटला, तरी पत्ता बदलून मिळेलच असं नाही.

पूर्व जेरुसलेमचे पॅलेस्टिनी आणखी वेगळ्या पेचात आहेत. ते नागरिक नाहीत, ‘कायम रहिवासी’ आहेत. आयुष्याचं केंद्र शहरातच आहे हे त्यांना वीजबिल, घरपट्टी, मुलांच्या शाळेचे दाखले दाखवून सिद्ध करावं लागतं. सात वर्षं बाहेर राहिलं की रहिवास जाऊ शकतो. १९६७ पासून १४ हजारांहून जास्त जणांचा गेला आहे.

पैशाचं गणित याच दोघांच्या १९९४ च्या पॅरिस करारात, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या करारात, बांधलं गेलं. स्वतःचं चलन नाही, इस्रायलचा शेकेल वापरायचा. पॅलेस्टिनी आयातीवरची जकात आणि मूल्यवर्धित कर इस्रायल गोळा करतो, तीन टक्के खर्चापोटी कापून घेतो आणि उरलेली रक्कम दर महिन्याला पॅलेस्टिनी प्राधिकरणाला, म्हणजे ओस्लो करारातून आलेल्या मर्यादित अधिकारांच्या पॅलेस्टिनी सरकारला, देतो. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग इथून येतो. राजकीय वाद झाला की सगळ्यात आधी हा नळ बंद होतो. मे २०२५ पासून ही रक्कम थांबली. शिक्षकांना अर्धामुर्धा पगार मिळू लागला आणि त्या वर्षी सरकारी शाळा उशिरा उघडून आठवड्यातले मोजकेच दिवस भरू लागल्या. स्वतःचा अभ्यासक्रम पॅलेस्टिनींना २००० मध्ये कुठे मिळाला. तोवर वेस्ट बँकमध्ये जॉर्डनची आणि गाझात इजिप्तची पुस्तकं होती, तीही १९६७ नंतर लष्करी कात्रीतून आलेली.

जमिनीचं दप्तर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे थोडं थांबू. ज्याच्या गावात सातबारा कधी पूर्ण तयारच झाला नाही अशा शेतकऱ्याची कल्पना करा. ब्रिटिशांनी १९२८ मध्ये जमीन मोजून मालकी नोंदवण्याचं काम सुरू केलं, जॉर्डनने पुढे नेलं. १९६८ मध्ये इस्रायली लष्कराने आदेश क्रमांक २९१ काढून ते थांबवलं. तोवर वेस्ट बँकची जेमतेम एक तृतीयांश जमीन नोंदली गेली होती. बाकीच्या जमिनीवर हक्क ठरतो तो १८५८ च्या ऑटोमन (तुर्की) जमीन कायद्याने. दहा वर्षं सलग कसली तर कसणाऱ्याचा हक्क बसतो. तीन वर्षं पडीक ठेवली तर तो हक्क जाऊ शकतो.

सुलतानाने हा कायदा केला होता कर वसूल व्हावा म्हणून. १९७९ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगी जमिनीवर लष्करी गरजेच्या नावाखाली वसाहत बांधायला मनाई केली, तेव्हा सरकार या जुन्या कायद्याकडे वळलं. हवाई छायाचित्रात जी जमीन पडीक दिसेल ती ‘सरकारी’ जाहीर करायची, आणि मग ती वसाहतीला द्यायची. जाहीर झाल्यावर हरकतीसाठी शेतकऱ्याला ४५ दिवस मिळतात. त्या मुदतीत सर्वेक्षकाकडून नकाशा, कर भरल्याच्या पावत्या, मुखत्याराचं म्हणजे गावच्या प्रमुखाचं प्रतिज्ञापत्र, वारसांची यादी आणि वकील, एवढं सगळं जमवून लष्करी अपील समितीपुढे उभं राहायचं. घोटाळे ठरलेले असतात. पावतीवर आजोबांचं नाव असतं आणि वारस चार देशांत पसरलेले. कर वाचवायला पूर्वी क्षेत्र कमी लिहिलेलं असतं. डोंगरउतारावर खडकांच्या मधल्या मातीच्या पट्ट्यांत झाडं असतात आणि वरून घेतलेल्या छायाचित्रात खडकच जास्त दिसतो.

ऑलिव्हच्या झाडाला इथे एवढं महत्त्व का, ते यावरून कळतं. गहू कापला की शेत मोकळं दिसतं. ऑलिव्ह शेकडो वर्षं उभं राहतं, पाणी थोडं मागतं आणि जमीन कसलेली असल्याचा पुरावा देतं. या प्रदेशात सुमारे एक कोटी झाडं आहेत आणि ८० हजार ते एक लाख कुटुंबांच्या मिळकतीत त्यांचा वाटा आहे. झाड एक वर्ष भरभरून देतं आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतं. भराच्या वर्षाला तिथे ‘मासी’ म्हणतात, ओढीच्या वर्षाला ‘शलतूनी’. फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरवायची. खाली ताडपत्री पसरून हाताने किंवा कंगव्यासारख्या दात्याने फांदी ओरबाडतात. काठीने झोडपलं तर पुढच्या वर्षीची कोवळी डहाळी मोडते. फळं पोत्यात दोन-तीन दिवस राहिली की तापतात आणि तेलाची आम्लता वाढते, म्हणून त्याच दिवशी घाण्यावर न्यायची घाई असते. साधारण चार-पाच किलो फळांना एक लिटर तेल निघतं.

आता या वेळापत्रकात लष्करी परवानगी बसवा. वसाहतीजवळच्या किंवा इस्रायलने वेस्ट बँकमध्ये बांधलेल्या भिंतीपलीकडच्या शेतात जायला ‘तन्सीक’ म्हणजे आधी ठरवून दिलेले मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात शंभर झाडं उतरत नाहीत आणि वर्षभर छाटणी-नांगरणीला जाता आलेलं नसल्यामुळे गवत माजलेलं असतं. सलग तीन हंगाम असे गेले की शेत पडीक दिसू लागतं, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वेस्ट बँकमध्ये वसाहतवाल्यांचे २६० हून जास्त हल्ले नोंदवले. २००६ मध्ये मोजणी सुरू झाल्यापासूनचा हा एका महिन्याचा उच्चांक, आणि तो नेमका ऑलिव्हच्या हंगामातला.

बत्तीरच्या बांधांनी काय साधलं

जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला बत्तीर नावाचं गाव आहे. डोंगरउतारावर दगडावर दगड रचून केलेले बांध, त्यात ऑलिव्ह, द्राक्षं आणि भाजीपाला, आणि झऱ्याचं पाणी रोमन काळापासूनच्या हौदात साठवून पाटांनी फिरवलेलं. पाणी आठ कुटुंबसमूहांत वाटलं जातं, एकेकाला एकेक दिवस. त्यामुळे पाण्याचा आठवडा तिथे आठ दिवसांचा असतो. गावाखालून जुनी जाफा-जेरुसलेम रेल्वे जाते. १९४९ च्या शस्त्रसंधीच्या वेळी गावकऱ्यांनी रुळांची सुरक्षितता सांभाळायची आणि बदल्यात रेषेपलीकडची शेती कसत राहायचं, असं ठरलं आणि ते पाळलं गेलं.

इस्रायलने वेस्ट बँकची भिंत या दरीतून न्यायचं ठरवलं तेव्हा गाव न्यायालयात गेलं. त्यांच्याकडे भावना होत्याच, पण कामाला आले ते नकाशे. कोणता बांध कुठे, पाट कुठून कुठे, पाळी कोणाची, हे सगळं मोजून कागदावर उतरवलेलं होतं. एका पर्यावरण संस्थेने बाजू मांडली, आणि इस्रायलच्या निसर्ग व उद्यान प्राधिकरणानेही भिंतीने हा भूभाग बिघडेल असं म्हटलं. २०१४ मध्ये युनेस्कोने तातडीच्या प्रक्रियेने बत्तीरला जागतिक वारशाच्या आणि सोबतच धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातलं. जानेवारी २०१५ मध्ये न्यायालयाने तिथल्या भिंतीची योजना बाजूला ठेवली. २०११ मध्ये युनेस्कोचं सदस्यत्व घेण्याचा उपयोग हा. जन्मस्थान चर्चचं बेथलेहेम २०१२ मध्ये, हेब्रॉनचं जुनं शहर २०१७ मध्ये, जेरिकोचा तेल अस-सुलतान २०२३ मध्ये आणि गाझातला संत हिलेरियनचा मठ २०२४ मध्ये याच वाटेने यादीत गेला.

पण यादीत नाव आलं म्हणून जमीन सुरक्षित झाली, असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बत्तीरच्या वारसाक्षेत्राला खेटून नव्या वसाहतीची योजना पुढे आली. यादीमुळे हरकतीला वजन येतं, बुलडोझर थांबतोच असं नाही. तरीही नकाशा काढलेल्या गावाची बाजू न काढलेल्या गावापेक्षा कितीतरी बळकट असते. रामल्लाच्या ‘रिवाक’ संस्थेने ५० हजारांहून जास्त जुन्या इमारतींची नोंद केली. अशी चिकाटीची, न दिसणारी कामं हीच या लढ्याची खरी ताकद आहे असं आम्हाला वाटतं.

कागद कसे जातात, कसे वाचतात

१९४८ मध्ये पश्चिम जेरुसलेममधल्या रिकाम्या पॅलेस्टिनी घरांतून सुमारे ३० हजार पुस्तकं गोळा करून आजच्या इस्रायली राष्ट्रीय ग्रंथालयात नेण्यात आली. त्यातली सुमारे सहा हजार अजूनही ‘सोडून दिलेली मालमत्ता’ या खुणेने कपाटात आहेत. १९८२ मध्ये बैरुतमधल्या पॅलेस्टाईन संशोधन केंद्राचा संग्रह इस्रायली सैन्याने उचलून नेला. पुढच्या वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत तो परत मिळाला. २००१ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचं पूर्व जेरुसलेममधलं कार्यालय, ओरिएंट हाऊस, बंद झालं, तिथली कागदपत्रंही गेली. गाझात ऑक्टोबर २०२३ नंतर महापालिकेचं मध्यवर्ती अभिलेखागार, थोरली उमरी मशीद आणि एकूणएक विद्यापीठं उद्ध्वस्त झाली किंवा त्यांना मार बसला. युनेस्कोने १०० हून जास्त सांस्कृतिक स्थळांचं नुकसान तपासून नोंदलं आहे. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२५ च्या अखेरपर्यंत ७० हजारांहून जास्त माणसं मारली गेली. त्यांच्यात लेखक, प्राध्यापक, पुरातत्त्वाची जाणकार माणसं होती. माणूस गेला की हस्तलिखित वाचता येणारा डोळाही जातो.

उमरी मशिदीच्या ग्रंथालयातली दोनशेच्या आसपास हस्तलिखितं मात्र युद्धाच्या आधीच डिजिटल केलेली होती, आणि त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या एका उपक्रमामुळे बाहेर सुरक्षित आहेत. अशा कामाची रीत साधी पण काटेकोर असते. प्रत्येक पान, कोरं असलं तरी, क्रमाने टिपायचं. फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवायची. मूळ फाईल न दाबता जपायची. किमान तीन प्रती करायच्या आणि त्यातली एक देशाबाहेर ठेवायची. फोटो काढणं सोपं, वर्णन लिहिणं अवघड. गावाचं जुनं नाव, आजचं नाव, घराण्याचं नाव, तारीख हिजरी की इसवी, हे लिहिलं नसेल तर हजारो फोटो असूनही काहीच सापडत नाही. आवाजाच्या नोंदीही याच शिस्तीने ठेवाव्या लागतात. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात १९४८ पाहिलेल्या माणसांच्या मुलाखतींचा एक हजार तासांहून मोठा संग्रह आहे. त्यातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत.

सुईदोऱ्यातली गावं

पॅलेस्टिनी भरतकामाला ‘तत्रीज’ म्हणतात. २०२१ मध्ये ते युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. मुख्य टाका फुलीचा. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालायचा, आणि प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला कलला पाहिजे; एकही उलटा पडला की उजेडात नक्षी तुटलेली दिसते. मखमलीसारख्या कापडाचे धागे मोजता येत नाहीत. तेव्हा वर जाळीचं कापड टाचून त्यावर भरतात आणि शेवटी जाळीचा एकेक धागा ओढून काढतात. झग्याला ‘थोब’ म्हणतात. छातीवरची चौकट ‘कब्बे’ सगळ्यात दाट भरलेली असते. थोब जीर्ण झाला तरी कब्बे काढून नव्यावर बसवतात, म्हणून आजीची नक्षी नातीच्या अंगावर टिकते. सुरू, ताड, चंद्र, तावीज, ‘पाशाचे तंबू’ ही नक्ष्यांची काही नावं.

१९४८ पूर्वी थोब पाहून गाव ओळखता येत असे. रामल्लाचं पांढऱ्या लिननवर लाल काम, बेथलेहेमचं रेशमी आणि जरीच्या दोरीचं, दक्षिणेकडच्या मजदलच्या मागावरचं कापड. मजदलचे विणकर गाझात ढकलले गेले आणि माग तिथे पुन्हा उभे राहिले. छावण्यांत वेगवेगळ्या गावांच्या बायका शेजारी राहू लागल्या, नक्ष्या मिसळल्या, युरोपी सुती दोरा आणि छापील नमुने आले. १९६७ मध्ये लष्करी आदेश क्रमांक १०१ ने परवानगीशिवाय झेंडा लावायला मनाई केली. १९८७ च्या उठावात बायकांनी झेंड्याचे चार रंग आणि देशाचा नकाशा थोबवरच भरला. झडती घेणारा सैनिक फडकणारा झेंडा काढून घेऊ शकत होता, बाईच्या अंगावरचा झगा काढून घेणं त्याला जमणारं नव्हतं.

आज धोका दुसऱ्या बाजूने आहे. यंत्रावरचं, छापील, परदेशात तयार झालेलं ‘तत्रीज’ दहापट स्वस्तात मिळतं आणि हाताने महिनोन्महिने भरणारीला तासाचा हिशेब परवडत नाही. गाझात १९५० पासून चालणारं ‘सुलाफा’ आणि लेबनॉनच्या छावण्यांत १९६९ पासून काम करणारं ‘इनाश’ यांनी बायकांना काम आणि मोबदला मिळवून दिला. विकत घेणाऱ्याने विचारायचे प्रश्न तीन: हाताने भरलं आहे का, कोणत्या भागाची नक्षी आहे, आणि भरणारीला किती मिळाले. नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण, दबके नाच आणि बायकांच्या गोष्टी सांगण्याची ‘हिकाये’ परंपराही यादीत आहेत, पण यादीने पोट भरत नाही; काम विकलं गेलं तर टिकतं.

बाहेरचे आणि मतपेटी

जगात सुमारे दीड कोटी पॅलेस्टिनी आहेत, त्यातले निम्मे जुन्या पॅलेस्टाईनच्या बाहेर. संयुक्त राष्ट्र महासभेच्या १९४८ च्या ठराव १९४ ने परतण्याची किंवा भरपाईची भाषा केली. मे १९५० पासून संयुक्त राष्ट्रांची ‘उनर्वा’ ही संस्था जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक आणि गाझातल्या निर्वासितांच्या शाळा-दवाखाने चालवते. तिच्याकडे सुमारे ५९ लाख नावं आहेत, कोणतं कुटुंब कोणत्या गावातून आलं या तपशिलासह. पॅलेस्टिनींचं सगळ्यात मोठं दप्तर हेच, आणि तेही त्यांचं स्वतःचं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने उनर्वाच्या कामावर बंदीचे कायदे केले.

पॅलेस्टिनींच्या आतल्या घडीचीही दुरुस्ती राहिली आहे, आणि ती झाकून ठेवण्यात हित नाही. अध्यक्षपदाची निवडणूक २००५ मध्ये आणि संसदेची जानेवारी २००६ मध्ये झाली. हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या, २००७ मध्ये गाझा हमासकडे आणि वेस्ट बँक प्राधिकरणाकडे, असा कारभार वेगळा झाला. २०२१ ची निवडणूक पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देत नाहीत या कारणाने बेमुदत पुढे ढकलली गेली. आज पस्तिशीच्या आतल्या पॅलेस्टिनी माणसाने राष्ट्रीय निवडणुकीत कधी मतच दिलेलं नाही.

१७ नोव्हेंबर २०२५ च्या सुरक्षा परिषद ठराव २८०३ ने गाझासाठी ‘शांतता मंडळ’ आणि आंतरराष्ट्रीय दल मंजूर केलं, मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. त्यात पॅलेस्टिनी देशाचा उल्लेख आहे, पण प्राधिकरणाच्या सुधारणा आणि गाझाची उभारणी झाल्यावर तशी परिस्थिती येऊ शकते, एवढ्याच शब्दांत. तारीख नाही. दरम्यान मे २०२५ मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने १९६८ पासून थांबलेली जमीन नोंदणी सी क्षेत्रात स्वतःच्या हाताने पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे. नोंदणी एकदा पूर्ण झाली की ती उलटवणं फार कठीण. म्हणून त्या गावांत सध्या जुन्या पावत्या, वारसांच्या याद्या आणि बांधांचे नकाशे गोळा करण्याचं काम सगळ्यात तातडीचं आहे.